चिप आधी, लस नंतर

गेल्या महिन्यात पुण्याहून एका जुन्या टीममेटचा फोन आला. "अरे, म्युनिकचं फायनल झालं! सहा आठवड्यांत जॉईन व्हायचंय. तू तुझ्या बंड्याला नेलंस ना रे? काय काय लागतं जरा सांग. एक-दोन सर्टिफिकेटं असतील ना?"

मी विचारलं, "कुत्रीला चिप बसवलीये का?"

"कसली चिप?"

झालं. मी त्याला सरळ सांगून टाकलं की सहा आठवड्यांत तू जाशील, ती जाणार नाही. त्यावर स्वारी भयंकर चिडली. माझ्यावर नाही, 'सिस्टीम'वर. गोऱ्यांचे नियम, आपल्याला कमी लेखायची सवय, कागदी घोडे वगैरे वगैरे. मी सगळं ऐकून घेतलं, कारण तीन वर्षांपूर्वी हेच भाषण मी दिलं होतं. शब्दही साधारण हेच होते. फक्त तेव्हा ऐकणारे माझे बाबा होते आणि ते पेपर वाचत होते.

आता माझं मत बदललंय, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. कुत्रा-मांजर परदेशी न्यायला लागणारे कागद त्रासदायक आहेत, पण मूर्ख नाहीत. मूर्खपणा होतो तो आपला, आणि तो नोकरीची ऑफर यायच्या खूप आधी होऊन गेलेला असतो.

तर माझ्या बाबतीत झालं असं. बंड्या म्हणजे आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सापडलेलं पिल्लू. जात विचाराल तर शुद्ध गावठी. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. दर वर्षी रेबीजची लस न चुकता दिलेली, लसीचं पुस्तक जपून ठेवलेलं. त्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये नेदरलँड्सची ऑफर आली, १ एप्रिलपासून जॉईनिंग, तेव्हा मी निवांत होतो. अडीच महिने म्हणजे पुष्कळ! व्हिसा, घर, सामान, कुत्रा. एक्सेल शीटमध्ये कुत्रा सर्वांत खालच्या ओळीत होता, मिक्सर-ग्राइंडरच्या खाली. (हे मी अजून आईला सांगितलेलं नाही.)

२१ जानेवारीला, शनिवारी, त्याला डॉक्टरांकडे नेलं. चिप हवी म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, आत्ता शिल्लक नाही, मागवतो. लसीचा बूस्टर तसाही जवळ आलाय, तो आज देऊन टाकू. मी म्हटलं द्या. चिप आली ११ फेब्रुवारीला. ती बसवून घेतली आणि त्या रात्री, पहिल्यांदाच, युरोपियन युनियनचे नियम नीट वाचायला बसलो.

नियम म्हणत होता: आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधी दिलेली लस धरली जाणार नाही.

म्हणजे गेल्या दोन वर्षांच्या लसी, तीन आठवड्यांपूर्वीचा बूस्टर, ते जपून ठेवलेलं पुस्तक, सगळं शून्य. मी डॉक्टरांना रात्री साडेनऊला फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आज चिप बसवल्यावर मी तुम्हाला थांबा म्हणालो आणि पुन्हा लस टोचली, ते विसरलात का?" खरंच विसरलो होतो. मला वाटलं होतं ते काहीतरी दुसरं इंजेक्शन आहे. डॉक्टरांनी मधल्या काळात कुणाला तरी विचारून चूक सुधारली होती. माझे तीन आठवडे गेले होते, पण तीनच.

पुढची साखळी अशी. भारत युरोपियन युनियनच्या मान्यताप्राप्त देशांच्या यादीत नाही. अशा देशातून येणाऱ्या कुत्र्या-मांजराचं लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, त्याचं सीरम युनियनने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट किंवा जास्त निघाली पाहिजेत. याला सगळे 'टायटर टेस्ट' म्हणतात. आणि ती पास झाली तरी लगेच जाता येत नाही. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रिपोर्टच्या तारखेपासून नव्हे, रक्त काढल्यापासून. माझ्यासाठी ११ फेब्रुवारी अधिक ३० दिवस म्हणजे १३ मार्च, आणि अधिक तीन महिने म्हणजे १३ जून. जॉईनिंग १ एप्रिल.

आमच्या धंद्यात याला क्रिटिकल पाथ म्हणतात. नऊ बायका आणून एका महिन्यात मूल होत नाही, हा जोक प्रत्येक मॅनेजरला ऐकवून झालेला असतो. पण तोच इंजिनिअर स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत विचारतो, "अर्जंटमध्ये होणार नाही का? जास्त पैसे भरतो." नाही होणार. मी विचारून पाहिलंय. एका एजंटने तर 'काहीतरी ॲडजस्ट करू' असंही सुचवलं, म्हणजे लसीची तारीख मागची टाकू. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? दोन दिवस तो नंबर मी डिलीट केला नव्हता.

तो डिलीट झाला त्याचं कारण ॲमस्टरडॅममध्येच घडलेली एक गोष्ट. फेब्रुवारी २०१२ मध्ये एका डच जोडप्याने मोरोक्कोहून एक छोटं पिल्लू आणलं, स्पेनमार्गे, विमानाने. गोड पिल्लू, सगळ्यांनी उचलून घेतलं, त्याने सगळ्यांना चाटलं. काही दिवसांत ते विचित्र वागायला लागलं. तपासलं तर रेबीज! मग त्या पिल्लाला कोण कोण भेटलं, कुणाला चावलं, विमानात शेजारी कोण होतं, याचा शोध सुरू झाला आणि एकट्या नेदरलँड्समध्ये चाळीसेक लोकांना लस टोचावी लागली. फ्रान्समध्ये २००४ साली असाच प्रकार झाला होता, तोही मोरोक्कोहून बेकायदा आणलेल्या पिल्लाचा. बोर्दोच्या आसपास हे पिल्लू भर उन्हाळ्यात वेगवेगळ्या जत्रा-महोत्सवांत हिंडून आलं होतं. म्हणजे कुणाकुणाला शोधणार?

या दोन गोष्टी वाचल्यावर मी त्या तीन महिन्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. हा थांबायचा काळ बाबू लोकांनी सुट्टीवर जायला ठेवलेला नाही. टायटर टेस्ट एवढंच सांगते की लस लागू पडली. पण समजा लस द्यायच्या आठ दिवस आधी या कुत्र्याला गल्लीत दुसरा कुत्रा चावला असेल तर? रेबीजचा विषाणू चावल्या जागेपासून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. काही आठवडे, कधी काही महिने, बाहेरून काहीच दिसत नाही. रक्तात प्रतिपिंडं आहेत आणि आत विषाणूही चालतोय, असं होऊ शकतं. ते ओळखायचा एकच खात्रीचा उपाय: थांबा आणि पाहा. जे व्हायचंय ते त्याच्या घरी होऊ दे, विमानात नको. तारीख मागची टाकणं म्हणजे नेमकी हीच परीक्षा कॉपी करून पास होणं. आणि एकदा लक्षणं दिसली की रेबीजवर इलाज नाही, कुत्र्यालाही नाही आणि माणसालाही जवळपास नाहीच.

'चिप आधी' या नियमाचंही तसंच. पहिल्यांदा मला तो निव्वळ अडवणुकीचा वाटला होता. लस त्याच कुत्र्याला दिलीये ना? मग? पण आपण रोज डेटाबेसशी खेळणारे लोक. लसीच्या पुस्तकात काय लिहिलंय? नाव बंड्या, रंग तपकिरी, जात देशी. एकट्या कोथरूडमध्ये असे किती असतील? पुस्तक एका कुत्र्याचं आणि विमानात दुसरा, हे कुणाला कळणार? चिप म्हणजे प्रायमरी की. १५ आकडी नंबर, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे, तांदळाच्या दाण्याएवढ्या काचेच्या नळीत, मानेजवळ कातडीखाली. त्यात बॅटरी नाही, जीपीएस नाही. (आमच्या शेजारच्या काकूंना अजूनही वाटतं की मी हॉलंडमध्ये बसून त्याचं लोकेशन बघत असतो.) स्कॅनर जवळ नेला की नंबर दिसतो, बस. प्रायमरी की नसलेल्या टेबलात केलेल्या नोंदी कुठल्या ओळीला जोडायच्या? म्हणून त्या धरत नाहीत. मी स्वतः कोड रिव्ह्यूमध्ये हेच म्हटलं असतं.

आता 'आपल्याला कमी लेखतात' याबद्दल. २०२३ मध्ये मी ती यादी मुद्दाम उघडून पाहिली. त्यात मॉरिशस होता, बहारीन होता, संयुक्त अरब अमिरातीही होती. तेव्हा गोऱ्या-काळ्याचा प्रश्न नाही. प्रश्न आपल्या गल्लीचा आहे. भारतात रेबीजने वर्षाला १८ ते २० हजार माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज. आयसीएमआरच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीत तो साधारण ५,७०० वर आला. आकडा खाली आला याचा आनंद मानायचा की लसीने पूर्ण टळणाऱ्या रोगाने अजून रोज पंधराएक माणसं जातात याची लाज वाटून घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. गोव्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांचं सातत्याने लसीकरण करून दाखवलं आणि २०२१ साली ते देशातलं पहिलं 'रेबीज-नियंत्रित' राज्य जाहीर झालं. म्हणजे होऊ शकतं. माझ्या हातातला तो जाडजूड फोल्डर डच सरकारने जाड केलेला नव्हता. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेरच्या ज्या सात-आठ कुत्र्यांना आम्ही पोळ्या घालतो पण लस देत नाही, त्यांनी केला होता. पोळी घालायला पुण्य लागतं, लस द्यायला कुत्रा धरावा लागतो!

असो. बंड्याकडे येऊ.

गुढीपाडवा घरी केला आणि ३० मार्चला मी एकटाच निघालो. बॅगा दिसल्यापासून तो माझ्या खोलीच्या दारात आडवा पडून होता. निघताना मी त्याला 'येतो' म्हटलं नाही, कारण तो शब्द त्याला कळतो आणि 'येतो' म्हटलं की मी संध्याकाळी येतो असा त्याचा अनुभव होता. पहिले चार दिवस त्याने खाल्लं नाही. मग बाबांनी, ज्यांनी कुत्रा आणायलाच विरोध केला होता, दूध-पोळी कुस्करून स्वतःच्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. आईने व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तेव्हा बाबा कॅमेऱ्याच्या बाहेर सरकले.

मला वाटलं होतं, जूनमध्ये कुणीतरी ओळखीचं येणारं बघून त्याच्याबरोबर बंड्याला पाठवू. इथे आणखी एक नियम आडवा आला. मालकाने प्राण्यासोबत प्रवास करायला हवा, किंवा दोघांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. नाहीतर तो 'पाळीव प्राणी' राहत नाही, व्यापारी माल होतो आणि त्याचे नियम आणखी कडक. मालकाने लेखी दिलं तर दुसरं कुणी त्याला आणू शकतं, पण पाच दिवसांचं गणित तिथेही सुटत नाही. म्हणजे मलाच परत यावं लागणार. अडीच महिन्यांच्या नवीन नोकरीत सुट्टी मागायची, कारण काय तर कुत्रा! माझा डच मॅनेजर म्हणाला, "अर्थातच." त्याला त्यात विचारण्यासारखं काय आहे हेच कळलं नाही. याउलट निघताना रीलोकेशनची यादी देणाऱ्या बाईंनी सोफा, सायकल, अगदी पियानोसुद्धा न्यायची सोय सांगितली होती, पण कुत्रा म्हटल्यावर "सर, दॅट इज पर्सनल" असं उत्तर आलं होतं. मग पियानो काय सार्वजनिक असतो?

जूनमध्ये आलो. टायटरचा रिपोर्ट पास होता. उरलं होतं ते शेवटचं आरोग्य प्रमाणपत्र. ते खासगी डॉक्टरांचं चालत नाही, सरकारी पशुवैद्यकाची सही लागते. आपल्याकडे हे काम केंद्र सरकारची ॲनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस करते. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद इथे तिची केंद्रं आहेत. सही झाल्यापासून युरोपच्या दारात तपासणी होईपर्यंत त्या कागदाचं आयुष्य १० दिवसांचं. आमचं विमान १७ जूनचं, आणि त्याच आठवड्यात अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ. मुंबईची विमानं मागेपुढे होत होती. मी हवामान खात्याचं पान प्रॉडक्शन सर्व्हरसारखं रिफ्रेश करत बसलो होतो.

मुंबईला जायच्या आदल्या रात्री आई म्हणाली, एकदा सगळे नंबर ताडून बघ. मी म्हटलं, बघितलेत. ती म्हणाली, परत बघ. मग ती एकेका कागदावरचा चिपचा नंबर मोठ्याने वाचायला लागली आणि मी समोर टिक करत गेलो. लसीच्या पुस्तकात शेवटून तिसरा आणि चौथा आकडा उलटा पडला होता. पंधरातले दोन आकडे! रात्री साडेदहाला डॉक्टरांच्या घरी. त्यांनी लुंगीवरच स्कॅनर काढला, बंड्याच्या मानेवर फिरवला, पुस्तकात दुरुस्ती करून सही-शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी मुंबईत सरकारी पशुवैद्यकांनीही अगदी तेच केलं. स्कॅन, आणि मग प्रत्येक पानावर बोट ठेवून एकेक आकडा. तिथे चूक सापडली असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही.

क्रेटबद्दल दोन शब्द, कारण इंजिनिअर लोकांना आवडेल. विमान कंपन्या आयाटाचे नियम पाळतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, म्हणजे पिंजऱ्याची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट म्हणजे रुंदी. उभा राहिल्यावर डोकं किंवा कान, जे उंच असेल तिथपर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी म्हणजे उंची. आता उभा कान मोजायचा की पडलेला? मी उभा मोजला. बंड्याचं साधारण ८५ बाय ४० आलं. आणि पिंजरा आदल्या दिवशी आणू नका! मी मार्चमध्येच हॉलमध्ये आणून ठेवायला सांगितला होता. जूनपर्यंत तो त्यातच झोपायला लागला होता आणि वर आईने वाळवणाची चाळण ठेवायला सुरुवात केली होती. झोपेचं औषध देऊन पाठवू का, असं सगळे विचारतात. देऊ नका. हवेत गुंगीतल्या प्राण्याचा श्वास आणि रक्तदाब कोण बघणार?

नऊ-साडेनऊ तास मी वर बसलो होतो आणि तो पायाखाली कुठेतरी. स्किपोलला कस्टम्सच्या लाल वाटेने गेलो, फोल्डर उघडला. इंग्रजी आणि डच अशा दोन भाषांतलं ते प्रमाणपत्र बघायला त्या बाईंना पाच मिनिटं लागली. पाच महिन्यांच्या कामाला पाच मिनिटं. मला थोडा अपमानच वाटला. एखादा प्रश्न तरी विचारायचा!

लोक विचारतात, हे सगळं कुत्र्यासाठी केलंस की स्वतःसाठी? प्रामाणिक उत्तर: मला माहीत नाही. कोथरूडला तो दिवसभर पार्किंगचा राजा होता. इथे पट्टा, पाऊस आणि शिस्त. पहिल्या हिवाळ्यात तो दारातूनच परत फिरायचा. पण आमच्याच सोसायटीत एकजण अमेरिकेला जाताना 'नियम फार कडक आहेत हो' म्हणत त्याचा आठ वर्षांचा लॅब्रेडॉर कुणाच्या तरी फार्महाऊसवर देऊन गेला. नियम कडक होते हे खरं. पण तो कुत्रा आठ वर्षं घरात होता आणि व्हिसासाठीही दीड वर्ष वाट पाहिली होती. त्या दीड वर्षात चिप, लस आणि रक्त यांना तीन फेऱ्या लागल्या असत्या. नियमांना दोष देणं सोपं पडतं एवढंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: आयटीत असाल आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर ऑफरची वाट बघू नका. आजच चिप, मग लस, महिन्याने रक्त. युरोपसाठी ती टायटर टेस्ट पुन्हा करावी लागत नाही, फक्त पुढचा प्रत्येक बूस्टर आधीच्याची मुदत संपायच्या आत द्यायचा. एक दिवस चुकला की साखळी तुटली आणि पुन्हा पहिल्यापासून. जपानसारख्या देशात थांबायचा काळ रक्त काढल्यापासून १८० दिवसांचा आहे. ऑस्ट्रेलियाला तर भारतातून थेट नेताच येत नाही, मधल्या एखाद्या मान्यताप्राप्त देशातून जावं लागतं. २०१५ मध्ये जॉनी डेपच्या घरचे दोन छोटे कुत्रे खासगी विमानातून न सांगता तिथे गेले, तर थेट कृषिमंत्र्यांनी परत न्या म्हणून दम भरला आणि प्रकरण कोर्टात गेलं. अमेरिकेने भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आणखी कडक केले. तेव्हा देश कुठला ते ठरल्यावर त्या त्या सरकारचं पान वाचाच, माझ्यावर विसंबू नका. पिल्लू नवीन असेल तर हेही लक्षात घ्या की रेबीजची लस १२ आठवड्यांच्या आधीची धरत नाहीत. म्हणजे हिशेब करा, सात महिन्यांच्या आत ते युरोपात पोचत नाही.

म्युनिकवाल्या मित्राचा काल मेसेज आला. चिप बसवली, त्याच बैठकीत नंतर लस. 'ऑर्डर बरोबर आहे ना?' असं दोनदा विचारलंय. तो पुढच्या आठवड्यात एकटाच निघतोय. कुत्री तोवर नगरला सासूबाईंकडे. सासूबाईंना कुत्र्यांची भीती वाटते म्हणे. मी बाबांचा नंबर पाठवून दिलाय.